बाटलीपासून पाठीवरच्या पंपापर्यंत

सप्टेंबर संपत आला की निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत द्राक्षाची गोडी छाटणी सुरू होते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या बागांत येतात. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत 'पेस्टिंग' करतात. काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण हाताने लावतात. एकेका काडीला हात लावायचा असल्याने हे काम माणसांनीच करावं लागतं, आणि ते करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात.

या रसायनाबद्दल दोन गोष्टी माहीत असणं अत्यावश्यक आहे. ते कातडी भाजतं, ही पहिली. दुसरी कुणालाही अंदाजाने कळणार नाही. या रसायनाचा संपर्क झाल्यावर माणसाने दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो आणि श्वास लागतो. दारूपासून शरीरात तयार होणारं एक विषारी द्रव्य यकृतातलं जे विकर मोडून टाकतं, त्याचं काम हे रसायन थांबवतं. म्हणून हे काम करण्याआधी आणि केल्यानंतरही दारूला हात लावायचा नसतो. किती वेळ, ते बाटलीसोबतच्या पत्रकात पाहायचं.

आता दिवसभर पेस्टिंग करून संध्याकाळी मुक्कामाच्या झोपडीत परतणाऱ्या माणसाचा विचार करा. ही माहिती पत्रकात आहे, पत्रक खोक्यात आहे, खोकं मालकाच्या शेडमध्ये आहे. तिथून ती या माणसापर्यंत कशी पोचते आणि वाटेत कुठे अडते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

माहिती तयार कुठे होते

भारतात कीटकनाशकांचा कारभार १९६८ च्या कीटकनाशक कायद्यावर आणि १९७१ च्या नियमांवर चालतो. कोणतंही कीटकनाशक विकण्याआधी त्याची केंद्रीय पातळीवर नोंदणी व्हावी लागते. तणनाशकं, बुरशीनाशकं आणि पिकाची वाढ नियंत्रित करणारी बरीच रसायनं याच कायद्याखाली येतात. नोंदणी करताना लेबलवर आणि पत्रकात काय छापायचं तेही ठरतं.

पत्रकात काय असावं, हे नियमांनी बारकाईने सांगितलं आहे. औषध कोणत्या पिकावर आणि कोणत्या किडीसाठी, प्रमाण किती, माणसाला आणि जनावराला कोणता अपाय, विषबाधेची लक्षणं कोणती, काळजी काय घ्यायची, प्रथमोपचार कोणते, उतारा कोणता आणि रिकाम्या डब्याची विल्हेवाट कशी लावायची, हे सगळं त्यात हवं. भाषेबद्दलही नियम आहे. लेबल हिंदीत, इंग्रजीत आणि जिथे माल विकला जाणार तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत छापायचं. महाराष्ट्रात याचा अर्थ व्यवहारात मराठी असा होतो.

कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. पण ती सगळी विकत घेणाऱ्याला समोर ठेवून रचलेली आहे. भाषा ठरते ती विक्रीच्या ठिकाणावरून. फवारणारा माणूस कुठून आला आणि काय बोलतो, याची नोंद या व्यवस्थेत कुठेच होत नाही.

लेबल काय सांगतं

प्रत्येक बाटलीवर किंवा पुड्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्याने व्यापायचा असतो. त्याचे दोन त्रिकोण पडतात. वरच्यात इशारा असतो, खालच्यात रंग.

लाल रंग म्हणजे अतिजहाल विष. त्यावर कवटी आणि हाडांचं चिन्ह असतं. पिवळा म्हणजे त्याखालोखाल जहाल, आणि त्यावरही 'विष' असाच शब्द असतो. निळ्यावर 'धोका' आणि हिरव्यावर 'सावधान' अशा अर्थाचा इशारा असतो. ही वर्गवारी प्रयोगातल्या प्राण्यांवरून ठरते. चाचणीतले निम्मे प्राणी दगावण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम रसायन तोंडावाटे पोटात जावं लागतं, ते पाहतात. १ ते ५० मिलिग्रॅम पुरत असेल तर लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा आणि त्याहून जास्त लागत असेल तर हिरवा. कातडीवाटे होणाऱ्या विषबाधेचे आकडे वेगळे असतात आणि तेही पाहिले जातात.

अक्षरओळख नसलेल्याला निदान रंग तरी कळावा, हा या खुणेचा हेतू. पण रंगाचा अर्थही कुणीतरी सांगावाच लागतो. हिरवा म्हणजे पिकाला चांगला, निरुपद्रवी, असा समज सहज होऊ शकतो. शिवाय रंग फक्त तत्काळ होणाऱ्या विषबाधेची तीव्रता दाखवतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेल्याने काय होईल, कातडी भाजेल का, दारूशी गाठ पडली तर काय होईल, हे रंग सांगत नाही. ते पत्रकातच वाचावं लागतं, आणि पत्रक म्हणजे बारीक टाइपातला, घडी घालून खोक्यात कोंबलेला कागद.

प्रमाणाचंही तसंच आहे. पत्रक हेक्टरात आणि लिटरात बोलतं, शेतात पंप आणि झाकण चालतं. समजा, पत्रकात हेक्टरी ५०० मिली औषध ५०० लिटर पाण्यात मिसळा असं लिहिलं आहे. म्हणजे लिटरला १ मिली, आणि १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला १५ मिली. बाटलीचं झाकण २५ मिलीचं असेल आणि 'पंपाला एक झाकण' एवढंच तोंडी सांगितलं गेलं, तर द्रावण दीडपटीहून जास्त कडक होतं. यात मजुराची चूक नसते, कारण त्याला सांगितलं गेलं तेच त्याने केलेलं असतं. मोजमापाचा छोटा प्याला आणि त्यावर रंगाने ओढलेली एक रेघ ही अडचण जवळजवळ संपवते.

वाट कुठे तुटते

बाटली कंपनीतून वितरकाकडे, तिथून कृषी सेवा केंद्रात येते. दुकानदार बागाईतदाराला तोंडी सांगतो, पण ते सांगणं बहुतेक कीड आणि प्रमाण यांच्याभोवती फिरतं. बागाईतदार मुकादमाला आजचं काम सांगतो आणि मुकादम टोळीला. प्रत्येक टप्प्यावर थोडं गळतं, आणि पहिल्यांदा गळते ती सुरक्षिततेची माहिती. औषध, प्रमाण आणि किती ओळी संपवायच्या, हे कामाला लागतं म्हणून शेवटपर्यंत टिकतं.

दुसरी तूट शेडमध्ये होते. औषध अनेकदा २०० लिटरच्या पिंपात आधीच कालवून ठेवलेलं असतं. मजुराच्या हातात येतं ते द्रावण, त्यावर ना लेबल, ना रंग, ना चिन्ह. दोन-तीन औषधं एकत्र केलेली असतील, तर कुठल्याही एका पत्रकात त्या मिश्रणाचा पत्ता नसतो.

तिसरी तूट भाषेची. सुरगाण्याहून आलेले मजूर घरात कोकणा बोलतात. ती मराठीच्या जवळची असल्याने मराठीत सांगितलेलं बरंच त्यांना कळतं. पण सातपुड्यातून, नंदुरबारमधून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून जळगावच्या केळीच्या आणि कपाशीच्या शेतांत येणारे पावरा आणि भिल्ल मजूर पावरी, बारेली, भिली बोलतात. मेळघाटातून अमरावती-अकोल्याकडे उतरणाऱ्या कोरकू मजुरांची भाषा तर मुंडा कुळातली, म्हणजे मराठीपासून संथाळीइतकीच दूर. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या गटातल्या बोली मातृभाषा म्हणून नोंदवणारे देशभरात एक कोटीहून अधिक होते, कोरकू सांगणारे सात लाखांहून अधिक. या भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत, आणि बाटलीवरही त्या छापल्या जात नाहीत.

यावर सहज सुचणारं उत्तर म्हणजे, 'कामापुरतं मराठी-हिंदी सगळ्यांना येतं.' बाजारात भाव करायला आणि हजेरी सांगायला ते पुरतंही. पण 'हातमोजा आतून ओला झाला तर थांबा, हात धुवा, मोजा बदला' ही सूचना, किंवा 'डोळ्यांपुढे धूसर दिसतंय, तोंडाला फार लाळ सुटतेय' ही तक्रार नेमकी सांगायला माणसाला स्वतःची भाषा लागते. लक्षण नेमकं सांगता आलं नाही, तर ते थकवा किंवा ऊन लागणं म्हणून सोडून दिलं जातं.

स्थलांतराने आणखी एक अडचण वाढते. गावातल्या शेतकऱ्याला कृषी सहायक ओळखतो, शेतीशाळेचं निमंत्रण येतं. बाहेरून आलेला मजूर महिना-दोन महिन्यांनी पुढच्या गावी जातो. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेला केंद्राचा कायदाही आंतरराज्य स्थलांतरापुरताच होता. सुरगाण्याहून निफाडला आलेली बाई त्याच्या व्याख्येत कधी बसलीच नाही.

न पोचलेल्या माहितीची किंमत

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर आणि तोंडावरच येत होता. हवा उष्ण आणि दमट होती. एकापेक्षा जास्त औषधं मिसळून मारली जात होती, आणि बहुतेकांच्या अंगावर रोजचेच कपडे होते.

बहुतेक विष कातडीतून शरीरात शिरतं, ही गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. 'मी काही प्यायलो नाही, मग विष कसं चढेल?' असं वाटणं साहजिक आहे. पण घामाने ओली कातडी, द्रावणाने भिजलेला सदरा आणि गळक्या पंपाखालची पाठ यांतून औषध तासन् तास आत झिरपत राहतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नसा आणि स्नायू यांच्यातल्या संदेशाचं नियंत्रण करणारं विकर बंद पाडतात. मग संदेश थांबतच नाही. घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हे टप्प्याटप्प्याने घडतं. पहिल्या टप्प्यावर काम थांबवून अंग धुतलं आणि दवाखाना गाठला, तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून ही माहिती वेळेवर पोचण्याला एवढं महत्त्व आहे.

अमेरिकेने काय केलं, आणि कुठे अडलं

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या शेतांत मेक्सिकोहून आलेले मजूर मोठ्या संख्येने राबतात. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये शेतमजुरांच्या संरक्षणाचे सविस्तर नियम लागू केले आणि २०१५ मध्ये ते अधिक कडक केले. त्यांतले तीन मुद्दे आपल्याला उपयोगी आहेत. पहिला, प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि २०१५ च्या सुधारणेनंतर ते दर वर्षी द्यावं लागतं. दुसरा, ते मजुराला समजेल अशा रीतीने, गरज पडल्यास दुभाष्यामार्फत द्यायचं. तिसरा, कोणत्या शेतात कोणतं औषध कधी मारलं आणि तिथे पुन्हा केव्हा शिरायचं, हे मजुरांना दिसेल अशा ठिकाणी लावायचं.

लेबल मात्र बराच काळ इंग्रजीतच राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने लेबलवरचा सुरक्षिततेचा भाग स्पॅनिशमध्ये देणं बंधनकारक केलं. सुरुवात सर्वांत जहाल औषधांपासून, डिसेंबर २०२५ मध्ये, आणि बाकीची पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने.

पण कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत काम करणाऱ्या कितीतरी मजुरांची भाषा स्पॅनिशही नाही. ते मेक्सिकोच्या ओआहाका आणि आसपासच्या राज्यांतले मिश्तेक, त्रिकी अशा आदिवासी भाषा बोलणारे आहेत. मिश्तेकची एका गावची बोली दुसऱ्या गावाला कळेलच असं नाही, आणि ती वाचायची सवय फार थोड्यांना आहे. म्हणून ऑक्सनार्ड शहरातल्या अशाच मजुरांच्या एका संस्थेने 'रेडिओ इंदिहेना' हे स्वतःचं रेडिओ केंद्र चालवलं आहे. त्यावर मजुरांच्या भाषांत आरोग्याची आणि हक्कांची माहिती दिली जाते. राष्ट्रभाषेतून मोठ्या स्थलांतरित गटाच्या भाषेत भाषांतर झालं, तरी त्या गटातली लहान भाषा मागे राहते, आणि तिच्यापर्यंत जायला कानाचा रस्ता लागतो, हे तिथल्या अनुभवातून घेण्यासारखं आहे. कोरकू आणि पावरीच्या बाबतीत नेमकं हेच लागू पडतं.

काय सांगायचं आणि कसं

संपूर्ण पत्रकाचं भाषांतर करत बसायची गरज नाही. फवारणाऱ्याला आणि फवारलेल्या बागेत काम करणाऱ्याला लागणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत.

पहिली, आज कोणतं औषध आहे, त्याचा रंग कोणता आणि त्याची एखादी खास गोष्ट कोणती. पेस्टिंगच्या दिवशी दारूचा इशारा हीच ती खास गोष्ट.

दुसरी, अंगावर काय घालायचं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट, चष्मा, मास्क. इथे प्रामाणिक राहायला हवं. मोजे न देता 'मोजे घाला' असं सांगण्याला अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची २०१३ ची आचारसंहिता याच्या पुढे जाते. ज्या औषधाला लागणारा पोशाख उष्ण हवेत सोसवत नाही, महाग आहे किंवा सहज मिळत नाही, ते औषध टाळावं, असं ती सांगते.

तिसरी, काम करताना काय करायचं नाही. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारायचं नाही. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायचं नाही. त्याच हातांनी तंबाखू मळायची नाही, बिडी ओढायची नाही, भाकरी खायची नाही. रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही.

चौथी, फवारलेल्या बागेत पुन्हा केव्हा शिरायचं. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे, हा आकडा निर्यातीच्या बागाईतदाराला पाठ असतो. पण तो खाणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी असतो. विरळणीला आणि घड द्रावणात बुडवायच्या 'डिपिंग'ला येणाऱ्या बायकांचे हात दिवसभर ओल्या पानांत आणि घडांत असतात, आणि कधी मांडवाखाली झोळीत त्यांचं मूल झोपलेलं असतं. त्यांच्यासाठी 'या ओळी आज बंद' हे बांधावर लाल फडकं बांधून दाखवता येतं. फक्त त्या फडक्याचा अर्थ पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलेला असावा.

पाचवी, त्रास झाला तर काय करायचं. काम थांबवायचं, भिजलेले कपडे काढायचे, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवायचं. डोळ्यांत गेलं असेल तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. १०८ ला फोन करायचा, आणि बाटली किंवा निदान लेबलचा फोटो सोबत न्यायचा. औषधाचं नाव कळलं तर डॉक्टरला उपचाराची दिशा लगेच मिळते. ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम हे उतारे आहेत, पॅराक्वाटसारख्या तणनाशकाला उतारा नाही. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर दिवसरात्र सल्ला देतं.

हे पोचवण्याचं साधन प्रत्येक टोळीत असतंच. दोन्ही भाषा बोलणारं कुणीतरी त्यात असतं, बहुतेक वेळा शाळा शिकलेली एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा. कामाच्या पहिल्या सकाळी त्या व्यक्तीला अर्धा तास द्या, त्या अर्ध्या तासाची मजुरीही द्या, आणि तिच्याकडून या पाच गोष्टी टोळीला तिच्या भाषेत सांगवून घ्या. तिचाच आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला, तर तो पुढच्या टोळीलाही ऐकवता येतो. मुकादमाकडे स्मार्टफोन असतो आणि व्हॉट्सॲपही असतं.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटी येतो. 'समजलं का?' असं विचारलं तर सगळे मान डोलावतात. त्याऐवजी, 'भाऊ, मोजा फाटला तर काय कराल?', 'ताई, लाल फडकं बांधलेल्या ओळीत जायचं का?' असं विचारावं आणि उत्तर त्यांच्या तोंडून ऐकावं. उत्तर चुकलं तर सांगणाऱ्याने पुन्हा सांगावं. आरोग्यसेवेत ही पद्धत मुरलेली आहे. रुग्णाकडून गोळीची वेळ परत वदवून घेणारी परिचारिका हेच करत असते.

हे काम कुणाचं

१९७१ च्या नियमांनी कीटकनाशकाचे उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणारे यांच्यावर कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी टाकली आहे. कंपनीच्या दृष्टीने सुरगाण्याची मजूर बाई तिची कामगार नाही, आणि बागाईतदार स्वतःला यांपैकी कुणीच मानत नाही. नियम आहे, पण त्याचं टोक बागेपर्यंत पोचत नाही.

आपल्याला जमत नाही म्हणून हे राहिलं आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. २००६ पासून 'ग्रेपनेट' या व्यवस्थेत निर्यातीच्या द्राक्षाची पेटी कोणत्या बागेतली, तिथे कोणती औषधं मारली, प्रयोगशाळेत अवशेष किती सापडले, हे सगळं शोधता येतं. एवढी काटेकोर साखळी नाशिकच्याच शेतकऱ्यांनी, शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने आणि पुण्याच्या द्राक्ष संशोधन केंद्राने मिळून उभी केली. युरोपातल्या खरेदीदारासाठी लागणाऱ्या ग्लोबल गॅप प्रमाणपत्रात कामगारांचं प्रशिक्षण आणि संरक्षक कपडे यांच्याही अटी आहेत. ज्या वहीत फवारणीची तारीख लिहिली जाते, त्याच वहीत आज कुणाला, कोणत्या भाषेत सांगितलं, हेही लिहिता येईल.

कृषी विभागाने आदिवासी विकास विभागाच्या मदतीने पावरी, भिली, कोरकू, गोंडी, कोकणा या भाषांत पाच-पाच मिनिटांच्या ध्वनिफिती एकदा तयार करून द्याव्यात. कंपन्यांनी बाटलीवरच्या चौकोनी कोडमध्ये त्या जोडाव्यात. कृषी सेवा केंद्राने औषधासोबत मोजमापाचा प्याला आणि मोजे द्यावेत. बागाईतदाराने पहिल्या सकाळचा अर्धा तास द्यावा. यातलं काहीच खर्चिक नाही, आणि शेवटच्या गोष्टीला तर सरकारी आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही. येत्या छाटणीला ती सुरू करता येते, आणि माहिती पोचली की नाही हे मजुराच्या उत्तरावरून त्याच दिवशी कळतं.